पाळीच्या दिवसांत पोट का बिघडतं?



मागच्या भागानंतर केंद्रावर एक चिठ्ठी आली. 'पाळीच्या पहिल्या दिवशी तीन-चारदा संडासला जावं लागतं, कळा वेगळ्याच. सासूबाई म्हणतात, काहीतरी बाहेरचं खाल्लं असशील.' मी 22 वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. ही तक्रार बायका गोळी घेताना हळूच सांगतात, तीही दुकानात दुसरं कुणी नसेल तरच.

ताई, बाहेरचं खाणं नव्हे हे. गर्भाशयाचे आणि आतड्याचे स्नायू एकाच जातीचे. दंडाचे स्नायू आपलं ऐकतात, हे नाही ऐकत. ते रसायनांचं ऐकतात. त्यांच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ठरावीक रसायन तिथं चिकटलं की निरोप आत जातो. पाळीत गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं. ते गर्भाशय आवळण्यासाठी असतं, पण आतडं अगदी शेजारी, आणि रिसेप्टर तिथंही आहेत.

निरोप पोचला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आवळतो. (म्हणून दूध बंद करू नका हं! खाण्यातल्या कॅल्शियमचा इथं दोष नाही.) पण गंमत पुढं आहे. पेशीत दोघी शिवणकाम करतायत असं समजा. एक टाके घालते, दुसरी उसवते. कॅल्शियम पहिलीला कामाला लावतं. काही रिसेप्टरचे निरोप मात्र दुसरीचा हातच धरून ठेवतात. मग कॅल्शियम तेवढंच, तरी स्नायू जास्त आवळतो आणि आवळलेला राहतो. म्हणजे स्नायू जास्त संवेदनशील झाला. वेदना खरी असते, मनाचे खेळ नव्हेत.

आता गोळीबद्दल. पाळीच्या कळांसाठी सर्रास नेतात त्या गोळीत बहुधा दोन औषधं असतात. मेफेनॅमिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही. म्हणून दिवसभर सोसून रात्री घेतली तर उशीर होतो. कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यावी. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. 2023 च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशननं या औषधाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. गोळीनंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

दुसरं डायसायक्लोमिन. ते ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या रिसेप्टरची जागा अडवतं. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते. काचबिंदू असलेल्या सासूबाईंना आपल्या पाकिटातली गोळी देऊ नका. आणि तान्ह्या बाळाला पोट दुखतं म्हणून हे औषध? सहा महिन्यांच्या आत तर मुळीच नाही. हे मला काउंटरवर फार वेळा सांगावं लागलंय.

शौचाला बसताना पाळीत जीवघेणी कळ येत असेल, दर महिन्याला त्रास वाढत असेल, तर एन्डोमेट्रिओसिस असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना नेमकं हेच सांगा, लाजू नका. शौचातून रक्त जात असेल तर पुढच्या पाळीपर्यंत थांबूही नका.

चिठ्ठी लिहिणाऱ्या ताई, तीन महिने कॅलेंडरवर खूण करा: पाळी कधी, कळ कधी, किती वेळा जावं लागलं. तो कागद सोबत न्या. आणि सासूबाईंनाही आजचा भाग ऐकवा, उद्या सकाळी अकराला पुन्हा लागेल.