क्षयांतून उठणारी आई आणि घरचीं माणसें
(शाळेंतील पालकसभेपुढें केलेलें भाषण)



क्षय हा जंतूंपासून होतो, हें डॉ. कॉख यांनीं १८८२ सालींच दाखवून दिलें. तरीहि त्याला पूर्वजन्मींचें पाप समजून अंगारे-धुपारे करणारे अजून आहेत! साध्या क्षयावर सहा महिने नेमानें गोळ्या घेतल्या म्हणजे बहुतेक रोगी बरे होतात, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. मग अडतें कोठें? घरांत अडतें.

घरची सून आजारी पडली असें समजा. महिना-दीड महिना औषध पोटांत गेलें कीं ताप उतरतो, खोकला कमी होतो. घरचे म्हणतात, 'बरी झाली!' लागलीच तिच्या हातीं खुरपें व डोक्यावर हंडा येतो. कामाच्या रगाड्यांत गोळ्या राहतात. जंतु मात्र मेलेले नसतात. अर्धवट औषधानें ते निर्ढावतात व पुढें साध्या गोळ्यांना दाद देत नाहींत.

कोणी तिची ताटवाटी वेगळी करतात, कोणी माहेरीं धाडतात. हा रोग खोकल्यावाटे हवेंतून पसरतो, ताटवाटीनें नाहीं. औषध नेमानें चाललें म्हणजे थोड्याच आठवड्यांत तोहि धोका पुष्कळ कमी होतो. खोकतांना तोंडावर पदर धरावा, दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि घरांतील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी.

आम्हां शिक्षकांस हें दुखणें हजेरीपटावर दिसतें. आई अंथरुणाला खिळली कीं प्रथम मुलीची गैरहजेरी लागते, मुलाची नाहीं. पाणी, भाकरी, धाकटें भावंड, सारें दहा वर्षांच्या पोरीवर! आम्ही विचारतों, बापाचे हात कोठें गेले? भाकरी थापल्यानें मिशीचा पीळ उतरत नाहीं.

म्हणून सहा महिन्यांच्या कामाची वांटणी आजच करा. पाणी पुरुषांनीं आणावें. गोळीची आठवण एकानें आपल्याकडे घ्यावी व रोज कॅलेंडरावर खूण करावी. पोषणासाठीं सरकार रोग्याच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये देत असे; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. तो पैसा तिच्या डाळ-अंड्यांचा आहे, नवसाच्या बोकडाचा नव्हे. आणि तिनें सर्वांच्या मागून उरलेंसुरलें खाऊं नये. सर्वांबरोबर पोटभर जेवावें.

औषध दवाखाना देईल. विसांवा घरच्यांनींच द्यावयाचा. आई पुन्हां धडधाकट व्हावी आणि मुलीचें नांव पटावर राहावें, हीं दोन्ही कामें तुमच्याच हातीं आहेत.