बोंडाच्या रसातलं तेल
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

ताईंनो, काजूचा हंगाम संपला. बी व्यापाऱ्याकडे गेली आणि बोंडं बागेत कुजली. दरवर्षीचंच आहे हे. म्हणून परवा ‘बोंडापासून तेल काढू, प्रत्येक गटाने ५० हजार भरा’ म्हणणारा माणूस आला, तेव्हा बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेल निघतं, हे खोटं नाही. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं ना, त्यात यीस्ट असतं. त्याच कुळातल्या काही जाती, यारोविया, रोडोटोरुला अशी त्यांची नावं, पोटात तेल साठवतात. त्यांना साखर भरपूर द्यायची, नत्र मात्र कमी ठेवायचं. नत्राशिवाय नव्या पेशी होत नाहीत, मग उरलेली साखर चरबी होऊन आतच राहते. डाळीशिवाय नुसता भात खाऊन बसून राहिलं की आपलं होतं, तसंच! काही जातींत सुक्या वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल भरतं.

आता हिशेब बघा. १०० किलो बोंडांचा रस निघाला समजा ६५ लिटर. त्यात साखर दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेसहा किलो. चांगलं जमलं तरी पाच किलो साखरेमागे एक किलो तेल. म्हणजे क्विंटलभर बोंडांना सव्वा किलो! त्यासाठी रस निर्जंतुक करायचा, टाकीत रात्रंदिवस हवा सोडायची, पेशी फोडायच्या, मग हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल काढायचं. हेक्झेन पेट्रोलसारखं पेटतं. चुलीशेजारी करायचं काम नाही ते. आणि हे तेल तपासणी-परवान्याशिवाय फोडणीला चालत नाही.

आमच्या गटाने गेल्या वर्षी सरबतासाठी नुसता रस दोन पिंपांत साठवला होता. दुसऱ्या दिवशी फसफसला, तिसऱ्या दिवशी आंबूस वास. सगळी मजुरी पाण्यात गेली. तेव्हा कळलं, रस टिकवणं हीच खरी अडचण. उद्या कुणी कारखाना काढलाच, तर त्याला ताजी, माती न लागलेली बोंडं लागतील. ती आपण किलोच्या भावाने देऊ शकतो, पैसे न गुंतवता.

तो माणूस शनिवारी परत येणार आहे. विचारा त्याला, चालू टाकी कुठे बघायला मिळेल? तेल कोण घेतं, काय दराने, लेखी दाखव. वीज गेली तर नुकसान कुणाचं? अध्यक्ष-सचिवांनो, गटाच्या ठरावाशिवाय सही करू नका. चेकबुक त्या दिवशी घरीच ठेवून या.