परसातली भेंडी आणि घरचे खत
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणी गाणे म्हणते, कुणी नाट्यछटा करते. माझ्या वाट्याला चिटणीसबाईंनी खताचा विषय दिला, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. मी मात्र तो आनंदाने घेतला. कारण आज मला एक हिशेब द्यायचा आहे आणि एक कबुलीही.

गेल्या वर्षी मंडळामागची मोकळी जागा आपण भाजीसाठी तयार केली. बालवाडीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा ताजी भाजी द्यायची असे ठरले. ‘भेंडी माझ्याकडे!’ असे मी मोठ्या तोऱ्यात सांगितले आणि निधीतून पैसे घेतले. गोठ्यातले ताजे शेण वाफ्यात मिसळले, वर शेंगदाण्याची पेंड सढळ हाताने घातली. खत सेंद्रिय आहे, थोडे जास्त झाले तर काय बिघडणार, अशी माझी समजूत!

अर्धे बी उगवलेच नाही. जी झाडे आली ती खांद्याला लागली, पाने सुपाएवढी झाली, आणि भेंडी शोधून सापडेना. त्यात हुमणीने मुळे खाल्ली. साऱ्या पावसाळ्यात मुलांच्या ताटात भेंडी अवघी तीनदा पडली. ‘इथली जमीनच वाईट,’ असे मी सभेत सांगितले होते. भगिनींनो, ते खरे नव्हते.

खरे काय ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितले. कुंपणापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, “बाई, तुमी भेंडी न्हाई, पाला पिकवलाय.” गावी असताना वीस वर्षे त्यांनी भेंडी तोडून बाजाराला धाडली होती. सहा वर्षे त्या माझ्या घरी येत होत्या. मी कधी विचारलेच नव्हते.

त्यांच्याकडून शिकले ते सांगते. शेण हे खत नव्हे. कुजल्यावर ते खत होते. ताज्या शेणाच्या उष्णतेने कोवळी मुळे पोळतात आणि हुमणीला आयते घर मिळते. पेंडीत नत्र भरपूर असते. ते जास्त झाले की झाड पानातच रमते, फुलावर येत नाही.

म्हणून दिवाळीनंतर आम्ही खड्डा भरला. वाळका पाला, भाजीची देठे, थोडे शेण, थोडी माती, असे थर दिले. ओल राखली, पण पाणी साचू दिले नाही. हवा लागावी म्हणून अधूनमधून खालवर केले. काळेभोर, भुसभुशीत झाले आणि पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार झाले, असे समजावे. दुर्गंधी येत असेल तर ते अजून कच्चे आहे.

यंदा बी रात्रभर भिजवून लावले. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवले. मीटरभर लांब, मीटरभर रुंद जागेला दोन-अडीच किलो कुजलेले खत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. भेंडीच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात, त्यांना निंबोळी पेंडीने आळा बसतो. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून, दहापट पाणी घालून, महिन्याने एकदा आणि फुले येताना एकदा, एवढीच दिली.

दीड महिन्यात फूल आले. पुढे एक दिवसाआड तोडणी हवीच. भेंडी झाडावर जून झाली की झाडाचा जोर बियांकडे जातो आणि नवी फुले कमी येतात.

एक मात्र सांगून ठेवते. खत म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. पाने पिवळी पाडणारा केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असे झाड दिसले की उपटून टाकावे. बी घेतानाच केवड्याला दाद न देणारे वाण पाहावे; परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हे वाण त्यासाठीच काढले.

आता हिशेब. यंदा श्रावणापासून दसऱ्यापर्यंत बालवाडीला दर आठवड्याला दोनदा भेंडी मिळाली. उरलेली विकून गेल्या वर्षी बुडवलेले पैसे मी काल खजिनदारबाईंकडे भरले आहेत.

आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली; ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. इथल्या शेतकऱ्यांना आपण गुरू मानले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना शेतापर्यंत जावे लागले. माझे गुरू रोज सकाळी माझ्याच दारात येत होते, आणि मी त्यांच्याकडे फक्त भांडी सरकवत होते.

आपल्या मंडळाच्या सभासद यादीत आपल्या घरी कामाला येणाऱ्या एकाही बाईचे नाव नाही. नियम आड येत नाही. आपण कुणी विचारलेच नाही. मावशींच्या पहिल्या वर्गणीची पावती मी आज फाडून घेतली आहे. पैसे त्यांचे त्यांनीच दिले. भाजीच्या जागेची पुढची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवावी, अशी माझी सूचना आहे. तिला अनुमोदन मिळेल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेते.