औषध आणि नेम
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहखर्च आणि शेती या विषयांवर पुष्कळ विचारमंथन झाले. यंदा मधुमेह आणि थायरॉईड या दोन विकारांच्या औषधांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. हे विकार आता शहरी श्रीमंतांचे राहिलेले नाहीत. धानाच्या बांधीत राबणाऱ्या आपल्या घरांतही ते येऊन बसले आहेत.

आपण कोहळी तलाव बांधणाऱ्यांचे वंशज आहोत. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला, परंतु १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात मोडणारा नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलावाचे पाणी एकदम सोडले तर बांध्या फुटतात आणि मुळीच सोडले नाही तर पऱ्हे करपतात, हे आपणांस सांगावयास नको. शरीरातील ग्रंथींचेही तसेच आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोहोचविते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा रस शरीराच्या सर्व व्यवहाराची गती राखतो. हे रस कमी पडले म्हणजे औषधाने तूट भरून काढावी लागते, आणि तीही मोजून.

या औषधांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या वैद्याने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका स्त्रीस बरे केले. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आले. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला. त्याचा एकस्व अधिकार संशोधकांनी विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरात देऊन टाकला. ज्ञान लोकांचे आहे, ही भावना त्यामागे होती. आज सर्वाधिक वापरली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी १९५७ साली फ्रान्समध्ये मधुमेहावर प्रथम वापरात आली.

इतके सारे मिळूनही आपली माणसे का खंगतात? आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे, औषध मिळत नाही म्हणून जितकी हानी होते, तितकीच ते नेमाने घेतले जात नाही म्हणूनही होते. याचा दाखला आमच्याच घरचा आहे.

आमच्या थोरल्या बंधूंना मधुमेह होता. मेटफॉर्मिनबरोबर ते ग्लिमेपिराइडची गोळीही घेत. आषाढी एकादशीस रोवणीची घाई होती. उपवास असूनही त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि ते बांधीवर गेले. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. आम्ही जवळच होतो, पण ती उपवासाची ग्लानी आहे असे समजून त्यांना सावलीत निजू दिले. सुदैवाने शेजारच्या एका भगिनीने ओळखले आणि शुद्ध होती तोवरच त्यांना साखरेचे पाणी पाजले. ते वाचले, परंतु या प्रसंगाने ते इतके भ्याले की पुढे त्यांनी सर्वच गोळ्या टाकून दिल्या. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळली आणि पाऊल गमवावे लागले. पहिली चूक आमच्या अज्ञानाची, दुसरी आमच्या मौनाची. त्यांस पुन्हा डॉक्टरांकडे नेणे हे आमचे कर्तव्य होते. ते आम्ही केले नाही.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो. साखर बरीच खाली आणू शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांस विचारावे. मात्रा बदलता येते. साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

इन्सुलिनची शिल्लक बाटली शीतकपाटात ठेवावी, परंतु गोठू देऊ नये. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, कोरड्या डब्यात ती बाटली ठेवावी.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या, कारण त्या औषध शोषू देत नाहीत. आपल्या भगिनींना रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या पुष्कळदा दिल्या जातात. तेथे ही चूक सहज घडते. गरोदरपणी थायरॉक्सिनची गरज वाढते. म्हणून दिवस राहताच तपासणी करावी; गोळी मात्र मुळीच बंद करू नये. ग्रंथी जास्त काम करते म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्यास ताप येऊन घसा दुखू लागला तर त्याने ती गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

आणखी एक गोष्ट या विदर्भभूमीची. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रोग्यात त्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे आकडा खरा असतो त्याहून कमी दिसू शकतो आणि खोटा दिलासा मिळतो. घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.

जडीबुटीने रोग समूळ जातो असे सांगणाऱ्यांच्या नादी लागून चालू औषध सोडू नये. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. जेनेरिक औषधांची जनऔषधी दुकाने २००८ पासून सुरू झाली आहेत आणि सरकारी रुग्णालयांतही ही औषधे मिळण्याची सोय आहे. लाज बाळगून गोळी अर्धी करणे हे काटकसरीचे काम नव्हे.

पूर्वजांनी तलावाची पाळ दरवर्षी मिळून दुरुस्त केली, म्हणून तलाव टिकले. प्रत्येक घरातील एका तरुणाने आपल्या घरच्या रोग्याच्या गोळ्या, वेळा आणि तपासण्या यांची वही ठेवावी, एवढी एकच विनंती आम्ही या संमेलनापुढे करतो. आमच्या घरी ती वही वेळीच असती, तर आमचे बंधू आज दोन्ही पायांनी चालत या मंडपात आले असते.