दप्तराची झाडलोट

जुन्या कचेरीतील कारकुनाला रोजकीर्दीतील नोंद बदलावयाची झाली म्हणजे तो मूळ ओळ खरवडून काढीत नसे. तिच्यावर रेघ ओढून खाली नवी ओळ लिहीत असे. पोस्टग्रेस या नावाची डेटाबेस-प्रणाली आज नेमके हेच करते. नोंद बदलली की तिची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी जागच्या जागी राहते; कारण त्याच क्षणी दुसरा कोणी, आपण वाचावयास बसलो तेव्हाची स्थिती प्रमाण मानून, तीच प्रत पाहत असण्याचा संभव असतो. मात्र या सोयीपायी मृत ओळींनी तक्ता फुगत जातो, आणि दहा जिवंत ओळींसाठी सारा ढीग उपसावा लागतो.

मृत ओळींची जागा नव्या नोंदींसाठी मोकळी करणारी क्रिया म्हणजे व्हॅक्यूम. २००८ सालच्या ८.३ या आवृत्तीपासून ती मुळातच आपोआप चालू असते, म्हणून पुष्कळ व्यवस्थापक निर्धास्त असतात. पण मेख तिच्या नियमातच आहे. ५० ओळी आणि शिवाय तक्त्याचा २० टक्के हिस्सा मृत झाला म्हणजे झाडणारा येणार, असा तो नियम. एक लाख ओळींच्या तक्त्याला तो ठीकच. परंतु दहा कोटींच्या तक्त्यात दोन कोटी ओळी मरेपर्यंत झाडू कोपऱ्यातच! अशा तक्त्यापुरते प्रमाण एक टक्क्यावर आणणे हे एका आज्ञेचे काम, पण त्याची आठवण बहुधा तक्रारी दाखल झाल्यावरच होते.

मग कोणी घाईने 'व्हॅक्यूम फुल' चालवितो. ही क्रिया सबंध तक्ता नव्याने लिहून काढते खरी, परंतु तोवर त्याला असे कुलूप लागते की साधे वाचनसुद्धा खोळंबते. ऐन कामकाजाच्या वेळी असे करणे मला तरी अविचाराचे वाटते. रात्री मोठी आवक झाली असेल, तर 'अ‍ॅनालाइज' ही आज्ञा देऊन तक्त्याची आकडेवारी तेवढी ताजी करावी, नाहीतर प्रणाली कालच्या अंदाजावर आजचा रस्ता निवडते.

आणि हे सारे यथासांग करूनही, सकाळी एखादी नोंद बदलून, व्यवहार पुरा न करताच कोणी जेवावयास उठून गेला असेल, तर त्यानंतर मेलेल्या ओळींना व्हॅक्यूम हात लावू शकत नाही. झाडणारा पुनःपुन्हा येतो आणि रिकाम्या हातांनी परततो. म्हणून रात्रीच्या वेळापत्रकात माझे पहिले कलम झाडण्याचे नसते. कोणाचा व्यवहार अजून उघडा राहिला आहे, ते पाहण्याचे असते.