भाग ४२ : पंचावन्न हजारांचा गेमिंग पीसी आणि एक डबा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच आहे.)



गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच. "दादा, पन्नास-पंचावन्न हजारांत गेमिंग पीसी बसेल का, आणि काय काय घेऊ?" आतापर्यंत मी उत्तर टाळत होतो, कारण भाव दर महिन्याला बदलतात. आज यादी सांगीनच, पण यादी कशी ठरली ते जास्त सांगणार आहे. भाव बदलले तरी ते तुमच्या कामाला येईल. आणि त्यात माझी स्वतःची एक जुनी चूक आहे, तीही आज सांगून टाकतो.

झालं असं. २०२४ च्या दिवाळीच्या आधी मामाचा फोन आला. मामा तासगाव तालुक्यात मळ्यात राहतात, द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. माझा मामेभाऊ बारावी होऊन सांगलीला बीसीएला लागलेला. मामा म्हणाले, "बेदाण्याचं पैसं आल्यात. पोराला कॉम्प्युटर पायजे म्हणतोय. पंचावन्न हजार देतो, त्याच्यावर रुपाया न्हाई. काय घ्यायचं ते तू बघ. आन् वर्षात बंद पडला तर तुलाच विचारणार."

शेवटचं वाक्य हसत म्हणाले होते, पण मला ते लागलं. का लागलं ते पुढे सांगतो.

भावाला फोन केला तर त्यानं आधीच शोध लावला होता. तालुक्याच्या गावात एका दुकानात "आय सेव्हन, सोळा जीबी, गेमिंग पीसी" फक्त २२ हजारांत. वर निळे-लाल दिवे. म्हटलं, प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचार. नंबर आला आय ७-३७७०.

इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आय ७ हे फक्त घराण्याचं नाव आहे. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. तेव्हा तो राजा होता. आज साधा आय ३-१२१००एफ, म्हणजे बाराव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर, त्याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे जवळपास सगळे प्रोसेसर आठव्या पिढीचे आणि त्यापुढचे आहेत. आणि माझा भाऊ खेळतो व्हॅलोरंट. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. म्हणजे ज्या खेळासाठी मशीन घ्यायचं, तोच खेळ उद्या अडणार. जुनं मशीन टायपिंगला, अभ्यासाला उत्तम. पण "गेमिंग" म्हणून २२ हजार? नको.

मग त्यानं दुसरी यादी पाठवली. आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स, लिक्विड कूलर, सहा पंख्यांचं रंगीत कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड मात्र जीटीएक्स १६५०, आणि सगळ्यात खाली, जणू आठवण आली म्हणून, "एसएमपीएस ५०० वॅट, ११०० रुपये".

ही यादी मी शंभर वेळा पाहिलीय. नवीन माणूस प्रोसेसरवर आणि दिव्यांवर खर्च करतो, उरलेल्यात कार्ड बसवतो आणि चिल्लरीत पॉवर सप्लाय. गेमिंगच्या पीसीत हे उलटं हवं. पडद्यावर दिसणारं चित्र मुख्यतः ग्राफिक्स कार्ड काढतं. माझा ढोबळ हिशोब असा की मॉनिटर सोडून जे पैसे उरतात, त्यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्डाला द्यायचे. चार जीबीच्या कार्डाला आठ कोअरचा प्रोसेसर जोडणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन.

म्हणून आधी कार्ड ठरवलं : रेडिऑन आरएक्स ६६००. आठ जीबी मेमरी, १३२ वॅट, १०८० पी साठी नेमकं. तेव्हा २० हजारांना मिळालं. कार्ड घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. आरटीएक्स ३०५० आठ जीबीत येतं आणि सहा जीबीतही येतं. फरक फक्त दोन जीबीचा नाही. सहा जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे, १२८ बिटच्या जागी ९६ बिट. जीटी १०३० चंही तसंच, डीडीआर४ वालं कार्ड जीडीडीआर५ वाल्यापेक्षा खूप हळू. डब्यावर नाव तेच. म्हणून बारीक अक्षरं वाचा.

माझी पहिली यादी अशी झाली. रायझन ५ ५६००, साडेदहा हजार. बी५५० मदरबोर्ड, ८ हजार. सोळा जीबी रॅम, ३२००. पाचशे जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ३२००. कार्ड २० हजार. ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस, ४३००. जाळीचं कॅबिनेट, २८००. चोवीस इंची, १०० हर्ट्‌झचा मॉनिटर, ८ हजार. बेरीज करा. साठ हजार. पाच हजार जास्त. आणि मामांनी सांगितलेलं, रुपाया न्हाई.

दिवाळीला मळ्यात गेलो, तेव्हा ओसरीवर बसून हीच चर्चा. भाऊ म्हणाला, "दादा, सोपंय. एसएमपीएस ११०० वाला घेऊ. तीन हजार तिथंच वाचतात. दिसत पण नाही तो, डब्याच्या आत असतो." मामा म्हणाले, "बरोबर बोलतोय की. जे दिसत न्हाई त्याला चार हजार कशाला?"

मी "नाही" म्हणालो, जरा जोरातच. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग सांगणं भाग पडलं.

२०१५ साली मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो. बाबा एसटीत नोकरीला. सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी मला पीसीसाठी ४० हजार दिले. सगळं मीच निवडलं. प्रोसेसर चांगला, कार्ड चांगलं, आणि पैसे संपत आले तेव्हा ७०० रुपयांचा लोकल एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. आठ महिने चालला. मे महिन्याच्या एका संध्याकाळी लाइट जाऊन आली, फट्ट आवाज झाला, जळका वास आला. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन गेला. वॉरंटीत काही बसलं नाही.

बाबा ड्युटीवरून आले. मी सांगितलं, वीज पडली कुठंतरी जवळ, त्यानं गेला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून चार स्पाइक गार्ड घेऊन आले. टीव्हीला एक, फ्रिजला एक, असे घरभर लावले. कर्जाचे हप्ते पुढं दोन वर्षं पगारातून कटत होते, आणि मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून प्रोग्रॅम लिहीत होतो. खरं मी कधीच सांगितलं नाही.

ओसरीवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मामा म्हणाले, "मग पाच हजार कुठनं कमी करायचं ते सांग."

तर इथे यादी बनवायची खरी रीत येते. पैसे कमी पडले की काय कापायचं? जे उद्या बदलता येतं, ते. जे बिघडलं तर दुसऱ्याला घेऊन बुडतं, ते नाही. प्रोसेसर उद्या बदलता येतो. म्हणून रायझन काढून आय ३-१२१००एफ घेतला, साडेसात हजार, आणि एच६१० बोर्ड, ६ हजार. तीन आणि दोन, पाच हजार वाचले. बरोबर पंचावन्न. चार कोअर, आठ थ्रेड. व्हॅलोरंट, जीटीए ५, कॉलेजचं कोडिंग, सगळं होतं. आणि त्याच सॉकेटवर बाराव्यापासून चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसतात, तेव्हा दोन वर्षांनी सेकंडहँड आय ५ मिळाला तर नुसता प्रोसेसर बदलायचा. सोबत येणारा पंखा पुरतो, लिक्विड कूलरची गरज नाही. कीबोर्ड-माउस जुनेच.

आता एसएमपीएस कसा पारखायचा. आधी गरज मोजा. हा प्रोसेसर जोर लावला तरी ८९ वॅट, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून पन्नास धरा. म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. मग ५०० वॅटचा स्वस्त का नको? कारण वरचा आकडा कोणीही छापतं. बाजूचं लेबल वाचा. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा आणि १२ नं गुणा. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच लाइनवर जगतात. १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. डब्यावर ५०० लिहिलेलं असू दे. चांगल्या ५५० च्या लेबलवर १२ व्होल्टला चाळीसच्या पुढे अँपिअर दिसतात. दुसरं, ८० प्लस ब्राँझ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेची हमी नाही. म्हणून जादा व्होल्टेज, जादा करंट आणि शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण लिहिलंय का बघा, आणि वॉरंटी पाच वर्षांची असेल तर उत्तम. कंपनी स्वतः पाच वर्षं जबाबदारी घेते म्हणजे काहीतरी विश्वास असेलच ना.

बिल पक्कं घ्या. पुण्यात असा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" असं कोणीतरी म्हणेलच. नको म्हणा. सिरीयल नंबर लिहिलेलं बिल हीच तुमची वॉरंटी.

जोडणी मळ्यातच केली. तिथे एक गोष्ट लक्षात आली, जी कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या. बोर्ड उघडून बघितला तर थ्री-पिन सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच नाही. घराला अर्थिंगच नव्हतं. तुमच्याही मशीनला हात लावल्यावर झिणझिण होत असेल तर एसएमपीएस बदलायच्या आधी वायरमन बोलवा. मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतः खड्डा खणला, वायरमननं पाइप, कोळसा, मीठ टाकून अर्थिंग केलं. सगळे मिळून १८०० रुपये. "हे तुझ्या पंचावन्नात धरू नगं," मामा म्हणाले, "हे घराचं हाय."

मशीन चालू झालं की तीन कामं विसरू नका. एक, मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. एफ अक्षराच्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्सच नसतं, बोर्डाला वायर लावली की पडदा काळा, आणि लोकांना वाटतं पीसी गेला. दोन, रॅम सोळाची एक काडी न घेता आठच्या दोन घ्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम हळूच चालते. तीन, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० हर्ट्‌झ निवडा. मी अशी माणसं बघितलीत जी शंभरचा मॉनिटर घेऊन वर्षभर साठवर खेळत होती.

भावाचा पीसी चालू आहे. आमचे भाव २०२४ चे आहेत, विशेषतः रॅम त्यानंतर खूप महागली, तेव्हा आकडे जसेच्या तसे धरू नका, क्रम धरा. आधी कार्ड, मग चांगला एसएमपीएस, मग उरलेल्यात बसेल तो प्रोसेसर. दिवे सगळ्यात शेवटी.

आणि हो, त्या दिवाळीत पुण्याला परत यायच्या आधी मी बाबांना फोन केला. ओसरीवर सांगून झालं होतं, आता मामांकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हटलं. नऊ वर्षांनी सांगितलं की वीज पडली नव्हती, मी सातशे रुपयांचा डबा घेतला होता. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग ते चार स्पाइक गार्ड उगाच घेतले म्हणायचे." आणि हसले. त्यातला एक फ्रिजला अजून आहे.

तुमचं बजेट, तुमचा खेळ आणि घरी अर्थिंग आहे का, एवढं तिन्ही लिहून पाठवा, पुढच्या भागात निवडक याद्या घेऊन बसू. तोपर्यंत लेबल वाचत राहा. भेटूया, नमस्कार.