जकातदाराच्या ओळीत
(शोळिंगनल्लूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत कॅथलिक साधनेविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले, याचे काहींस नवल वाटेल. परंतु शोळिंगनल्लूरहून फार दूर नसलेल्या सेंट थॉमस माउंट या टेकडीवर येशूचा शिष्य थोमा याला मरण आले, अशी परंपरा आहे. हा शिष्यांतला संशयी. गुरूच्या जखमांना हात लावल्यावाचून त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. गुरूने त्यास दूर लोटले नाही; जखमाच पुढे केल्या. त्या टेकडीच्या परिसरात राहणाऱ्या आपण या शिकवणीची ओळख करून घ्यावी, हे उचितच होय.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एक परुशी व एक जकातदार मंदिरात प्रार्थनेस जातात. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करी, उत्पन्नाचा दशांश देई. त्याचा हिशेब चोख होता. परंतु देवापुढे उभा असता त्याची नजर शेजाऱ्याकडे वळली आणि आपण त्याच्यासारखे नाही, याचे त्याला समाधान वाटले. जकातदाराने मान वर केली नाही. ऊर बडवून केवळ दया मागितली. घरी परतताना देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरला तो हा जकातदार. कॅथलिक मिस्साच्या आरंभी पापकबुलीची प्रार्थना म्हणताना धर्मगुरूही भाविकांबरोबर ऊर बडवितो. त्या वेळी सारेच जकातदाराच्या ओळीत उभे असतात.

पाप मनाला बोचते, म्हणून ते निदान ध्यानात येते. पुण्याचा अहंकार मात्र सुखावतो. म्हणूनच साधकाला त्याचे भय अधिक. फ्रान्समधील लिझ्यूच्या कार्मेल मठातील तेरेसा ही जोगीण १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली. प्रार्थनेत तिला डुलकी लागे आणि ते ती प्रांजळपणे सांगे. मठातील एका भगिनीचे वागणे तिला मुळीच रुचत नसे. तिच्याशीच ती अधिक मायेने वागे, इतके की आपल्यात हिला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीने तिला विचारले. क्षुल्लक कामेही प्रेमाने करावीत, या तिच्या ‘लहान वाटे’साठी १९९७ साली पोपमहाशयांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले.

या दोन्ही वृत्तींची साक्ष आपल्या भाषेच्या इतिहासातही आहे. इंग्लंडमधला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचाच होता आणि त्या काळी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, हे विसरून चालणार नाही. तथापि हा विद्वान परक्या लोकांच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसला. कोकणीचे व्याकरण त्याने रचले. मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली छापले गेले आणि त्यात त्याने मराठीची थोरवी मुक्तकंठाने गाइली. पुढे १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. धर्म तोच होता. एकाने दुसऱ्याची भाषा शिकून घेतली, दुसऱ्याने ती पुसू पाहिली.

परप्रांतात राहणाऱ्या समाजालाही परुश्याचा मोह पडतो. आपली शिस्त, आपली टापटीप, आपली रसिकता यजमान लोकांहून सरस, असे आपसांत बोलले जाते. मग तीच नजर घरात शिरते. चेन्नईत जन्मलेले पोर तमिळ वळणाचे मराठी बोलले की हशा पिकतो. हसणाऱ्यांची मराठी शुद्ध असेलही. पण ते पोर गप्प होते आणि पुढे मंडळात येईनासे होते. स्टीफन्सच्या पहिल्यावहिल्या मराठी वाक्यांनाही कोणी हसले असेल काय, कोण जाणे. ऐकून घेणारे, समजावून सांगणारे कोणीतरी त्याला खचित भेटले असले पाहिजे. एरवी ते पुराण झाले नसते.

पन्नास वर्षांत मंडळाने किती कार्यक्रम केले, याचा हिशेब या अंकात येईलच आणि तो चोखही असेल. त्याबरोबरच संकोच न बाळगता येथे कोणाकोणाला बोलता आले, हेही आपण आपल्याशी तपासून पाहावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.